कणीला ‘हलका माल’ म्हणण्याआधी डाकारची परात पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तांदळाच्या निर्यातीची बातमी आली की बाजारपेठेच्या पानावर कणीचा, म्हणजे तुटलेल्या तांदळाचा, उल्लेख ‘दुय्यम प्रतीचा माल’, ‘पशुखाद्य’, ‘इथेनॉलचा कच्चा माल’ असाच होतो. 8 सप्टेंबर 2022 रोजी केंद्र सरकारने कणीच्या निर्यातीवर बंदीचा आदेश काढला, तेव्हाही बातम्यांत पोल्ट्रीवाल्यांचे म्हणणे आले, डिस्टिलरीवाल्यांचे आले, चीन ही कणी जनावरांच्या खाद्यासाठी उचलतो हेही आले. 7 मार्च 2025 रोजी बंदी उठली, तेव्हा मथळा गोदामात पडून असलेल्या साठ्याचा होता. या अडीच वर्षांत ही कणी कुठल्या तरी राजधानीत माणसांचे रोजचे दुपारचे जेवण आहे, आणि तेही नाइलाजाचे नसून आवडीचे, हे मराठी वाचकाला फारसे कोणी सांगितले नाही. ती राजधानी म्हणजे सेनेगलची डाकार. या व्यवहाराशी आमचा रोजचा संबंध असल्याने थोडे सविस्तर लिहितो. पत्र लांबले आहे. कात्री लावायची तर शेवटच्या विनंतीला लावू नये.

डाकार आफ्रिका खंडाच्या पश्चिम टोकावर आहे. शहराच्या हद्दीतले अल्मादी हे टोक म्हणजे मुख्य भूमीचा सर्वांत पश्चिमेकडचा बिंदू. तीन बाजूंनी अटलांटिक महासागर, त्यामुळे मुंबईसारखीच वाढायला जागा नाही. देशाच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्काही न भरणाऱ्या डाकार विभागात देशातली वीस टक्क्यांहून जास्त माणसे, म्हणजे सुमारे 40 लाख, राहतात. फ्रेंचांनी 1857 मध्ये इथे ठाणे मांडले, 1902 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या साऱ्या फ्रेंच वसाहतींची राजधानी इथे आणली आणि 1914 मध्ये प्लेगच्या साथीचे निमित्त करून स्थानिकांना मूळ गावठाणातून उठवून मेदिना नावाच्या नव्या वस्तीत हलवले. मूळचे रहिवासी लेबू, दर्यावर्दी लोक. बाजाराची आणि घराची बोली वोलोफ, कचेरीची फ्रेंच. बहुसंख्य लोक मुसलमान, ख्रिस्ती थोडे, आणि दोघांच्या सणांचे डबे एकमेकांकडे जातात.

कणी तिथे पोहोचली ती भूक भागवायला म्हणून कमी आणि हिशेब जुळवायला म्हणून जास्त. सेनेगलचे शेत फ्रेंचांनी भुईमुगाखाली आणले. शेंगा बोर्दो आणि मार्सेयच्या तेलघाण्यांकडे जात. बाजरी पिकवणारी जमीन कमी झाली, म्हणून अन्न बाहेरून आणणे आले. इंडोचायना तेव्हा फ्रेंचांकडेच होता. तिथल्या तांदळाच्या सडाईत निघणारी कणी युरोपात खपत नव्हती. ती सेनेगलला धाडली गेली. कनिष्ठ म्हणून आलेल्या या मालावर सेनेगलच्या उत्तरेकडच्या सेंट-लुई शहरातल्या बायकांनी एक पाककृती उभी केली. परंपरा तिचे श्रेय पेंदा म्बाय या स्वयंपाकिणीला देते. मासे, भाज्या आणि कणी यांच्या या पदार्थाला चेबूजेन म्हणतात. 2021 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तो घेतला. अख्खा तांदूळ परवडू लागल्यावरही डाकारने कणी सोडली नाही. आजही तिथल्या गृहिणीला लांब दाण्याचा बासमती फुकट दिला तरी ती चेबूजेनसाठी बाजूला ठेवील.

त्याचे कारण लाडाकोडाचे नाही, भौतिक आहे. अख्ख्या दाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. रस्सा त्याच्यावर बसतो, आत फारसा शिरत नाही. कणीला तुटलेल्या कडा जास्त. तेल, टोमॅटो आणि माशाचा अर्क त्या कडांतून आत जातो, आणि प्रत्येक कण रंगतो. शिवाय हाताने खाताना कणीचा घास मुठीत बांधला जातो, बासमती बोटांतून निसटतो.

मात्र कुठलीही कणी चालत नाही, आणि आपल्याकडचे नवे निर्यातदार इथेच फसतात. सेनेगलला पांढरी, न उकडलेली कणी लागते. उकडा तांदूळ पश्चिम आफ्रिकेतल्याच नायजेरिया-बेनिनकडे खपतो. डाकारमध्ये त्याची पिवळसर झाक आणि वास दोन्ही नापसंत, आणि तो रस्साही नीट पीत नाही. दुसरी गोष्ट आकाराची. गिरणीतून निघालेल्या कणीत मोठे तुकडे, बारीक तुकडे आणि जवळजवळ पीठ असे सारे मिसळलेले असते. ती तशीच पोत्यात भरली तर भांड्यात मोठा तुकडा शिजायच्या आत बारीक विरघळतो, आणि सगळ्याची खळ होते. म्हणून चाळणी आणि ग्रेडर लावून एकसारखी कणी वेगळी काढावी लागते, सॉर्टेक्स या रंग पाहून दाणे निवडणाऱ्या यंत्रातून काळे-पिवळे दाणे उडवावे लागतात, आणि ओलावा 14 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नसतो. जुन्या तांदळाची कणी जास्त रस पिऊन मोकळी राहते, नवी चिकटते. हे आपल्या आजीलाही माहीत होते, पण सौद्याच्या कागदावर ते लिहायचे राहून जाते. सुवासिक कणीचा वर्ग वेगळा, भाव वेगळा. त्यात थायलंडचा दबदबा आहे. साध्या कणीत भारत, पाकिस्तान, म्यानमार, ब्राझील असे बरेच जण असतात.

माल आंध्रच्या काकीनाडा बंदरातून 50 किलोच्या पोत्यांत, अनेकदा अख्ख्या जहाजाने निघतो आणि साधारण महिन्याने डाकारला लागतो. तिकडे पावसाळा जुलै ते ऑक्टोबर. त्या काळात उतराई चालू असताना सर आली की जहाजाची झाकणे बंद, हमाल बसून, आणि जहाज अडकल्याचा दंड रोज वाढत जातो. वरच्या थरातली पोती भिजली तर कणी अख्ख्या तांदळापेक्षा लवकर आंबते, कारण तुटलेल्या बाजूने पाणी लगेच आत जाते. सप्टेंबर 2022 च्या बंदीने नेमका हाच काळ गाठला होता. सौदे झालेले, पोती बंदरात आलेली, आणि आदेश दुसऱ्या दिवसापासून लागू. सरकारने अडकलेल्या मालासाठी मुदत दिली, ती पुढे वाढवलीही, पण तोवर डाकारच्या आयातदारांना भाव कळत नव्हता आणि माल येईल की नाही हेही कळत नव्हते.

आता पाककृती. आपल्याकडे पाककृतीच्या सदरात ‘आफ्रिकन राइस’ म्हणून टोमॅटो पुलाव छापला जातो, तो कृपया थांबवावा.

आठ माणसांच्या परातीला एक किलो कणी आणि काट्यासकट दीड किलो मासा लागतो. मानाचा मासा च्योफ, म्हणजे आपल्या कोकणातल्या हेकरूचा भाऊबंद. त्याचे दोन बोटे जाड तुकडे करतात. पार्सली, सात-आठ लसूण पाकळ्या, कांद्याची पात, मिरची, मिरी आणि मीठ उखळीत कुटून जो हिरवा गोळा होतो त्याला रोफ म्हणतात. प्रत्येक तुकड्याला सुरीने भोक पाडून त्यात रोफ ठासायचा. तो नुसता वरून चोळला तर तेलात सुटून जळतो. आत ठासला तरच मासा आतून खारट-तिखट होतो. पाव लिटरहून थोडे जास्त तेल तापवून मासा दोन्ही बाजूंनी तांबूस करून बाहेर काढायचा. हे तेल पूर्वी शेंगदाण्याचेच असे. आता पुष्कळ घरांत आयात केलेले स्वस्त तेल आले आहे.

त्याच तेलात तीन कांदे, आणि कांदा मऊ झाला की दीडशे ग्रॅम घट्ट टोमॅटो पेस्ट थोड्या पाण्यात कालवून. इथे घाई चालत नाही. मंद आंचेवर पंधरा-वीस मिनिटे, तेल सुटून पेस्टचा रंग विटकरी होईपर्यंत परतत राहायचे. पेस्ट कच्ची राहिली तर सगळी परात आंबट लागते, आणि मग तो आंबटपणा मारायला साखर घालण्याचा वाह्यातपणा सुरू होतो. मग साडेतीन लिटर पाणी, आणि दोन वास मारणाऱ्या वस्तू: गेज म्हणजे आंबवून सुकवलेला मासा, आणि येत म्हणजे आंबवलेली समुद्री गोगलगाय. सुक्या बाजारातून गेलेल्या मालवणी माणसाला यात नवल वाटू नये. या दोन्हींशिवाय रस्सा होतो, पण डाकारच्या माणसाला तो पथ्याचा वाटतो. काही घरांत न्येतेतू, म्हणजे आंबवलेल्या रानबियांचा काळा गोळाही पडतो. अलीकडे या सगळ्याच्या जागी मसाल्याच्या तयार वड्या टाकण्याचा सपाटा आहे; मिठाचे प्रमाण त्यामुळे किती वाढले याची तिथल्या डॉक्टरांना मोठी काळजी आहे.

भाज्या मोठ्या फोडींत, जवळजवळ अख्ख्या: कोबीचा पाव गड्डा, गाजर, कसावा, सलगम, लाल भोपळा. वीसेक मिनिटांनी वांगे, भेंडी आणि जखातू नावाचे कडवट हिरवे वांगे. एक झणझणीत गोल मिरची देठासकट वर तरंगत सोडतात, नुसत्या वासासाठी. तिला डाव लागून ती फुटली तर त्या दिवशी मुले उपाशी. मासा परत आत सोडून पंधरा मिनिटे, जास्त नाही. विरघळला तर काटे कणीत उतरतात आणि मग प्रत्येक घासाला थांबावे लागते. चिंच शेवटी, आणि तीही दोन पळ्या रस्सा वेगळा काढून त्यात. आधी घातली तर आंबटपणाने भाज्या शिजता शिजत नाहीत. रस्सा चाखून किंचित खारट ठेवायचा, कारण कणी मीठ ओढते.

खरी परीक्षा यापुढची. कणी तीन पाण्यांनी धुऊन निथळायची, वरचे पीठ जाईपर्यंत. रस्सा खाली उकळत असतानाच त्या भांड्यावर भोकांची चाळण बसवायची, दोन्ही भांड्यांच्या सांध्याला ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळायची म्हणजे वाफ बाजूने पळणार नाही, आणि कणी पंधरा-वीस मिनिटे वाफवायची. मध्ये एकदा हाताने पाणी शिंपडून मोकळी करायची. ही वाफ टाळून कणी थेट रस्स्यात टाकली तर तुटलेल्या कडांवरचा स्टार्च आधी फुगून चिकट होतो आणि आत कच्चे राहते. वाफेने कणाचा बाहेरचा भाग आधी बसतो. मग तो रस पितो पण फुटत नाही. वाफवलेल्या एका किलोला सव्वा लिटरच्या आसपास रस्सा पुरतो. भाज्या-मासे काढून घेतले की भांड्यात एवढाच उरला पाहिजे. जास्त असेल तर आधी काढून ठेवावा, नंतर शिंपडता येतो. आपण अख्ख्या तांदळाला दुप्पट पाणी घालतो त्या सवयीने इथे लापशी होते, आणि पुण्या-मुंबईत प्रयोग करणाऱ्यांचे बहुतेक वेळा हेच होते. कणी रस्स्यात सोडली की झाकण, मंद आंच, आणि एकदाच खालून वर पालटणे. तळाला लागलेली तांबूस खरवड खोन्य म्हणून वेगळ्या वाटीत येते. तिच्यावरून भांडणे होतात. ती काळी झाली तर मात्र सगळ्या भाताला धुराचा वास लागतो, म्हणून शेवटची दहा मिनिटे भांड्याजवळून हलायचे नाही.

दुपारी दोनच्या नमाजानंतर चटई अंथरली जाते. कणी मोठ्या एनॅमलच्या परातीत पसरतात, मधोमध मासा आणि भाज्या. चपला चटईबाहेर, हात धुतलेले, ‘बिस्मिल्ला’ म्हणून सुरुवात. प्रत्येकाने आपल्या पुढ्यातल्या त्रिकोणातच खायचे. मध्ये हात घालून मासा ओढणे हा मोठा असभ्यपणा. घरची बाई बोटांनी माशाचे, गाजराचे, कसाव्याचे तुकडे मोडून एकेकाच्या पुढ्यात सरकवते, पाहुण्याच्या पुढ्यात जरा जास्त. लहान मुलांना डाव्या हाताने परातीची कड धरून बसायला शिकवतात. परात हलत नाही, आणि डावा हात अन्नात जात नाही. पोट भरले की उठावे, दुसऱ्यासाठी थांबायचे बंधन नाही. फार लवकर उठलात तर मात्र ‘खा, खा’ असा गजर होतो, आणि तीन-चार घास आणखी घेतल्याशिवाय सुटका नसते. दारावरून जाणाऱ्यालाही ‘काय ञू अञ्’, म्हणजे ‘या, जेवायला बसू’ अशी हाक असते. येईल त्याच्यासाठी थोडे बाजूला काढलेले असतेच. चमचाही चालतो, त्यात कमीपणा कोणी मानत नाही.

हे रोजचे जेवण उभे राहते ते रोजच्या पैशांवर. पुष्कळ घरांत कर्ता पुरुष सकाळी बाहेर पडताना त्या दिवसाचा खर्च बाईच्या हातावर ठेवतो. फ्रेंचमधल्या ‘रोजचा खर्च’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘डीक्यू’ म्हणतात आणि त्यावर घराघरांत वाद होतात. पैसे रोजचे, म्हणून बाजारही रोजचा: मेदिनातला तिलेन, कास्तोरचा बाजार, किंवा गल्लीच्या कोपऱ्यावरची भाजीवाली. कोपऱ्यावरचे किराणा दुकान बहुधा गिनीच्या फूटा जालोन भागातून आलेल्या फुला जमातीच्या माणसाचे. तो पहाटे उघडतो, रात्री उशिरा बंद करतो, आणि सगळे सुटे विकतो: चमचाभर टोमॅटो पेस्ट कागदावर, तेल छोट्या पिशवीत गाठ मारून, दूधपावडर, साखर, बॅगेत या लांब फ्रेंच पावाचा चौथा हिस्सा. उधारीची वही असते. नोकरदार घर महिन्याच्या सुरुवातीला कणीचे 50 किलोचे पोते उचलते. हातावर पोट असलेले घर त्याच दुकानातून किलो-किलोने नेते आणि किलोला जास्त मोजते. बायकांच्या भिश्या तिथेही जोरात असतात, त्यांना ‘नात’ म्हणतात. पोते, सणाचे बकरे किंवा बारशाचा खर्च त्यातून निघतो. इंधन म्हणजे बहुधा 6 किलोचा गॅस सिलिंडर, ज्याच्या डोक्यावरच शेगडी बसवलेली असते. सत्तरच्या दशकापासून जंगलतोड रोखायला सरकारने असे छोटे सिलिंडर घरोघर पोहोचवले. एवढ्या जड भांड्याखाली तो डगमगतो, म्हणून भोवती लोखंडी तिवई हवी. ती नसेल तर दुपारी अपघात ठरलेला.

परातीतल्या बाकीच्या गोष्टी मात्र घरच्या आहेत, आणि त्याही एकाच कारणाने. नोव्हेंबर ते मे ईशान्येकडून वारे वाहतात आणि किनाऱ्यालगतचे पाणी ढकलून खालचे थंड, खतावलेले पाणी वर आणतात. त्या पाण्यावर मासा पोसतो. त्याच थंड हवेमुळे डाकारपासून सेंट-लुईपर्यंतच्या किनारपट्टीवर, न्याय नावाच्या खोलगट भागांत, जमिनीखाली हाताशी असलेल्या पाण्यावर कोबी, गाजर, कांदा पिकतो. साहेल, म्हणजे सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, म्हणून डाकार जानेवारीतही उन्हाने होरपळते असे समजू नका. तिथे संध्याकाळी स्वेटर लागतो. उकाडा सप्टेंबर-ऑक्टोबरचा.

पण मासा कमी होत चालला आहे. सुंबेजूनच्या छोट्या खाडीत दुपारी उशिरा रंगवलेल्या लांब होड्या वाळूवर ओढल्या जातात. पूर्वी च्योफ सहज दिसे, आता तो हॉटेलांकडे आणि विमानाने युरोपकडे जातो. साध्या घरांत यबोय, म्हणजे आपल्या तारलीची जातभाई, येते. काटे फार, म्हणून तिचे गोळे करतात. आणि त्या यबोयवरही आता फिशमिलच्या कारखान्यांचा डोळा आहे: माणसाच्या परातीतला मासा सुकवून, दळून इतर देशांतल्या माशांना आणि कोंबड्यांना घातला जातो. परदेशी ट्रॉलर आणि तिथल्याच वाढलेल्या होड्या, दोघांनीही समुद्र उपसला. युरोपीय संघाबरोबरचा मासेमारीचा करार नोव्हेंबर 2024 मध्ये संपला, तो पुढे वाढला नाही.

दिवसाच्या बाकीच्या वेळा थोडक्यात. सकाळी पावात न्दाम्बे, म्हणजे चवळीची मसालेदार उसळ. बाई पातेले घेऊन कोपऱ्यावर बसते आणि नऊपर्यंत संपवते. कोपऱ्याकोपऱ्यावर हातगाडीवर कॅफे तुबा: कॉफीबरोबर जार नावाची मिरीसारखी तिखट शेंग भाजून दळतात, कापडातून गाळतात, साखर आधीच भरपूर. मुरीद या सेनेगलमधल्या सूफी पंथाचे संस्थापक शेख अहमदू बांबा यांच्याशी ती जोडली जाते. जेवणानंतर अताया, चिनी हिरवा चहा कोळशाच्या छोट्या शेगडीवर, तीन फेऱ्या: पहिली कडू, दुसरी पुदिन्याची, तिसरी गोडमिट्ट. दोन छोट्या पेल्यांत उंचावरून ओतत फेस काढायचा, तासभर सहज जातो. सरकारी माणसाला ‘लवकर दे’ म्हणून अतायाच्या वेळी भेटायला जाऊ नये. रात्री बाजरीचा कुसकुस किंवा नुसता पाव. रमजानमध्ये दुपारची परात बंद होते आणि कणीचा खप सांजेनंतर सरकतो. गुड फ्रायडेला ख्रिस्ती घरे बाजरी, शेंगदाण्याचा लगदा आणि गोरखचिंचेचा गर घालून न्गलाख करतात आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे बादल्या पाठवतात. ही गोरखचिंच वसईत आणि मुंबईत आपण शोभेला ठेवली आहे, तिचा गर कोणी चाखत नाही.

भारत तिथे एवढ्यापुरताच नाही. शहरातल्या छोट्या पांढऱ्या बसला लोक सरसकट ‘टाटा’ म्हणतात; त्या थिएस शहरात जोडल्या जातात. जुन्या निळ्या-पिवळ्या, देवनामे रंगवलेल्या ‘कार रापीद’ बस त्यांनी बऱ्याच मागे सारल्या; आता 2021 पासून उपनगरी रेल्वे आणि 2024 पासून विजेवरची बीआरटीही आहे. आणि उलट दिशेने सेनेगलचे फॉस्फोरिक आम्ल आपल्या खतकारखान्यांत येते. म्हणजे इथल्या भातशेतीला पडणाऱ्या खताचा एक घटक तिकडून येतो आणि त्याच भाताची कणी तिकडे जाते. हे वर्तुळ बंदीच्या काळात दिल्लीला दिसले असावे. 2023 मध्ये सेनेगल, गांबियासारख्या देशांना सरकारने ठरावीक कोटा सोडला.

डाकारचे सरकार हातावर हात ठेवून बसलेले नाही. सेनेगल नदीच्या खोऱ्यात भात पिकतो, 2017 पर्यंत स्वयंपूर्ण होण्याचे ध्येय होते; ते साधले नाही, देश अजूनही वर्षाला दहा लाख टनांहून जास्त तांदूळ आणतो. खोऱ्यातल्या तांदळाविषयी डाकारच्या गृहिणीची तक्रार पूर्वी खड्यांची होती. नव्या गिरण्यांनी खडे काढले, पण तिथेही गिरणीवाला अख्खा दाणा चांगला म्हणून वेगळा करतो आणि मग तो डाकारमध्ये पडून राहतो, कारण गिऱ्हाईक कणी मागते. 2024 मध्ये नव्या सरकारने जे भाव उतरवले त्यांत पाव, तेल, साखर यांच्याबरोबर साधी कणी होती. तिचा भाव हा तिथे राजकारणाचा विषय आहे. त्यांचा फ्रँक युरोला बांधलेला आहे, एका युरोला 655.957, त्यामुळे डॉलर चढला की इकडे भाव न हलताही तिकडे पोते महाग होते. बंदीच्या वार्तांकनात हा भाग कुठेच नव्हता.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या दैनिकात धान्यबाजाराचे जे कोष्टक येते, त्यात कोलम, बासमती, मसुरी यांच्या ओळी असतात. त्याखाली एक ओळ कणीची द्यावी: 100 टक्के पांढरी कणी, काकीनाडा बंदर भाव, डॉलर प्रति टन. विदर्भातल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या गिरणीवाल्यांनाही ती उपयोगी पडेल; कणी कुक्कुटखाद्याच्या भावाने द्यायची की चाळून, सॉर्टेक्स करून निर्यातीला, हे त्यांना त्या ओळीवरून ठरवता येईल. आणि 2026 च्या युवा ऑलिंपिकचे यजमानपद डाकारकडे आहे. त्या निमित्ताने क्रीडापानावर शहराची ओळख छापली जाईल तेव्हा सोबत मदतकेंद्रापुढच्या रांगेचा जुना फोटो लावू नये. सुंबेजूनच्या होड्यांचा किंवा तिलेन बाजारातल्या भाजीच्या ढिगांचा मिळतो.

आपले,
पश्चिम आफ्रिकेशी तांदळाचा व्यवहार करणारे काही वाचक,
वाशी, नवी मुंबई